केल्मस्कॉट मॅनर

इंग्लंडमधील ऐतिहासिक व संरक्षित ग्रामीण घर. ऑक्सफर्डशर परगण्याच्या पश्चिम टोकाला, टेम्स नदीच्या वरच्या खोऱ्यातील केल्मस्कॉट या लहानशा खेड्यात ते आहे. लेचलेड हे बाजारगाव तेथून काही किमी. वर पश्चिमेस आहे. सु. १६०० मध्ये एका सधन शेतकरी कुटुंबासाठी बांधलेले हे घर आकाराने फार मोठे नाही आणि त्याला कोणा ख्यातनाम वास्तुशिल्पज्ञाचे नावही चिकटलेले नाही. तथापि इंग्रज कवी, कारागीर व समाजवादी विचारवंत विल्यम मॉरिस (१८३४–९६) याने १८७१ पासून आपल्या मृत्यूपर्यंत ते भाड्याने घेतले होते. त्याच्या लेखनामुळे इंग्लंडच्या वास्तुविचारात या घराला असाधारण स्थान प्राप्त झाले. जुनी वास्तू जपायची म्हणजे नेमके काय जपायचे, या प्रश्नाचा विचार करताना केल्मस्कॉट मॅनरचे उदाहरण टाळता येत नाही.

इतिहास : ‘मॅनर’ ही संज्ञा सामान्यतः जहागीरदाराच्या निवासस्थानासाठी वापरतात. केल्मस्कॉटचे घर मात्र मुळात जहागीरदाराचे नव्हते. टर्नर या शेतकरी कुटुंबाचे ते शेतावरील घर होते आणि मॅनर हे नाव त्याला एकोणिसाव्या शतकात मिळाले. पूर्वीचे अभ्यासक त्याचा काळ सु. १५७० असा देत. आता तो सु. १६०० मानला जातो. राणी पहिली एलिझाबेथ हिच्या कारकीर्दीच्या उत्तरार्धात दक्षिण इंग्लंडमधील जमीनधारक शेतकऱ्यांची स्थिती सुधारली, लोकरीच्या व धान्याच्या व्यापारातून हाती पैसा आला आणि मातीची व लाकडाची जुनी घरे मोडून अनेकांनी पक्की दगडी घरे बांधली. केल्मस्कॉट मॅनर हे या लाटेतील घर होय. सु. १६६५ च्या सुमारास टर्नर कुटुंबाने त्याच्या ईशान्य कोपऱ्यात एक नवी बाजू वाढविली. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे घरात मोठे फेरबदल झाले नाहीत.

१८७१ मध्ये मॉरिस व चित्रकार-कवी डँटी गेब्रिएल रोझेटी (१८२८–८२) यांनी मिळून हे घर भाड्याने घेतले. मॉरिसची पत्नी जेन (१८३९–१९१४) आणि रोझेटी यांच्यातील अनुरागाची छाया या पहिल्या काळावर आहे. रोझेटीच्या वॉटर विलो (१८७१) या जेनच्या व्यक्तिचित्रात पार्श्वभूमीला हे घर व नदी दिसते. १८७४ मध्ये रोझेटी येथून कायमचा निघून गेला. लंडनच्या हॅमरस्मिथ भागातील आपल्या घरास आणि १८९१ मध्ये स्थापन केलेल्या मुद्रणालयास मॉरिसने केल्मस्कॉटचेच नाव दिले. जेनने १९१३ मध्ये हे घर विकत घेतले. तिच्यानंतर धाकटी मुलगी मे मॉरिस (१८६२–१९३८) हिने ते सांभाळले. ती स्वतः भरतकामातील अग्रगण्य कलावंत होती. मेच्या मृत्युपत्राप्रमाणे घर ऑक्सफर्ड विद्यापीठाकडे गेले; परंतु तिने घातलेल्या अटींसह ते चालविणे अवघड ठरल्याने १९६२ मध्ये ते लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या संस्थेकडे आले. आजही तीच संस्था त्याची मालक आहे.

वास्तुरचना : घराच्या भिंती स्थानिक चुनखडकाच्या अनघड दगडांच्या असून त्यांचे थर आडव्या ओळींत बसविलेले आहेत. घडीव दगड फक्त कोपरे, खिडक्यांच्या चौकटी व दरवाजे अशा मोक्याच्या जागी वापरला आहे. खिडक्या रुंद पण बुटक्या असून दगडी उभ्या दांड्यांनी त्यांचे भाग पाडलेले आहेत. छपराचे पाखे तीव्र उताराचे आहेत. दोन पाख्यांमधील त्रिकोणी भिंतीला इंग्रजीत ‘गेबल’ म्हणतात. या घराला असे अनेक गेबल असल्यामुळे दुरून पाहताना एका मोठ्या इमारतीऐवजी लहान घरांचा एक जमाव दाटीने उभा असल्याचा भास होतो. भोवती दगडी कुंपणभिंत, धान्याची कोठारे व शेतीच्या इतर इमारती आहेत. यांपैकी कोणतीही इमारत मुख्य घरापासून बांधकामाच्या जातीने निराळी नाही. माणसांच्या खोल्या आणि धान्याची कोठारे एकाच दगडातून व एकाच हाताने घडली आहेत.

या वास्तूचा सर्वांत विचार करण्याजोगा घटक म्हणजे तिचे छप्पर. कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या परिसरातील चुनखडकाच्या काही थरांतून पातळ फरशा निघतात. लाकडी खुंट्यांनी त्या रिपांवर अडकवीत व कौलांप्रमाणे एकमेकींवर चढवून बसवीत. खाणीतून सर्व फरशा एका मापाच्या निघत नाहीत. म्हणून सर्वांत मोठ्या व जड फरशा खाली वळचणीला, जिथे भिंतीचा आधार असतो आणि पावसाचे पाणी सर्वाधिक वाहते तिथे बसवीत. वर आढ्याकडे जाताना फरशांचे माप क्रमाने लहान होत जाई. यात दगड वाया जात नसे, वाशांवरचा भार योग्य जागी पडे आणि सांध्यांतून पाणी शिरण्याचा संभव कमी होई. परंतु या व्यवहारी युक्तीचा दृश्य परिणामही मोठा आहे. माप घटत गेल्यामुळे पाखा प्रत्यक्षाहून उंच वाटतो व जड दगडी छप्पर डोळ्यांना हलके भासते. मॉरिसने या छपराच्या सौंदर्याची तुलना माशाचे खवले व पक्ष्याची पिसे यांच्याशी केली आहे. ही तुलना केवळ काव्यात्म नाही. खवले व पिसे यांचा सुबकपणा जसा त्यांच्या कार्यातून निघतो, तसाच या छपराचाही. येथे अलंकरण वेगळे केलेले नाही. काम नीट करण्याची रीत हेच अलंकरण आहे.

भिंतींविषयीही असेच म्हणता येईल. त्या वर जाताना किंचित आत कलतात. मॉरिसला हा कल विशेष प्रिय होता. काटेकोर उभ्या रेषेच्या भिंतीपेक्षा असा कल असलेली भिंत जमिनीवर अधिक ठामपणे उभी असल्याचे जाणवते. पूरमैदानातील सपाट कुरणांत, जिथे दृष्टीला टेकडीचाही आधार नाही, तिथे घराला स्थैर्य देण्याचे काम हा कल करतो.

अंतर्भागाची आखणी आजच्या माणसाला गैरसोयीची वाटेल. घरात बोळ किंवा मार्गिका जवळजवळ नाहीत. एका खोलीतून दुसरीत व दुसरीतून तिसरीत जावे लागते. वरच्या मजल्यावरील चित्रजवनिकांच्या दालनात जाण्याची वाट मॉरिसच्या शयनकक्षातूनच होती. स्वतंत्र मार्गिका काढून प्रत्येक खोली एकांत करण्याची कल्पना इंग्लंडमध्ये श्रीमंतांच्या घरांतून हळूहळू खाली उतरली. केल्मस्कॉटचे घर तिच्या आधीच्या राहणीचे आहे. येथे कुटुंब, चाकर व पाहुणे यांचे मार्ग एकमेकांना छेदत. सर्वांत वरच्या माळ्यावर छपराचे लाकूडकाम उघडेच ठेवले असून तेथे घराचा सांगाडा वाचता येतो. ओबडधोबड तासलेल्या तुळया, त्यांचे सांधे आणि पाख्यांचा उतार यांतून एक तंबूसारखी जागा तयार होते. खालच्या सजविलेल्या दालनांपेक्षा या माळ्यातच घराच्या बांधणीचा खरा परिचय होतो.

नवी बाजू आणि तिचा अर्थ : सु. १६६५ च्या वाढीव भागात घराचा सूर बदलतो. येथील खोल्या अधिक प्रशस्त आहेत. तळमजल्यावरील दालनाच्या भिंतींना लाकडी फळ्यांचे आच्छादन असून ते पांढरे रंगविलेले आहे. त्याच्यावरच्या दालनात बायबलमधील सॅमसनच्या कथेवरील सतराव्या शतकातील चित्रजवनिका लावलेल्या आहेत. रोझेटी येथेच चित्रे रंगवीत असे. बाहेरून पाहता गेबल, दगड व छप्पर हे जुन्याच पद्धतीचे आहेत. पण गेबलमधील खिडक्यांवर ग्रीक-रोमन मंदिरांच्या दर्शनी भागावर असतात तशी लहान त्रिकोणी शीर्षे बसविली आहेत.

ही शीर्षे लहान असली, तरी त्यांच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. लंडनमध्ये इनिगो जोन्स (१५७३–१६५२) याने अभिजात इटालियन शैली आणून त्या वेळी सु. अर्धशतक लोटले होते. केल्मस्कॉटच्या गवंड्यांना त्या शैलीचे व्याकरण अवगत नव्हते. तिची काही चिन्हे मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. प्रमाणबद्ध स्तंभरचना नाही, समतोल दर्शनी भाग नाही, फक्त खिडकीच्या डोक्यावर एक त्रिकोण आहे. टर्नर कुटुंबाला आपण आता साधे शेतकरी राहिलो नाही हे सांगायचे होते आणि त्यासाठी दरबारी शैलीतील एक अक्षर त्यांनी उसने घेतले. शुद्धतेच्या दृष्टीने हा दोष ठरेल. परंतु घराच्या इतिहासात या दोषाला पुराव्याचे मोल आहे. दोन वास्तुपरंपरा ज्या क्षणी एका खेड्यात समोरासमोर आल्या, तो क्षण या त्रिकोणांत दगडावर उमटला आहे.

मॉरिसचा दृष्टिकोन : तरुणपणी मॉरिसने स्वतःसाठी नवे घर बांधून घेतले होते. फिलिप वेब (१८३१–१९१५) या वास्तुशिल्पज्ञाने बेक्सलीहीथ येथे उभारलेले हे ‘रेड हाउस’ (१८५९-६०) आधुनिक गृहरचनेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. रेड हाउस हे विचारपूर्वक रचलेले घर होते, तर केल्मस्कॉट हे सापडलेले घर होते. पहिल्यात मॉरिसने मध्ययुगीन कारागिरीचे पुनरुज्जीवन करू पाहिले. दुसऱ्यात ती कारागिरी कोणाच्याही पुनरुज्जीवनावाचून, खेड्यातील गवंड्या-सुतारांच्या हातात सतराव्या शतकापर्यंत जिवंत असल्याचे त्याला दिसले. जॉन रस्किन (१८१९–१९००) याने गॉथिक वास्तूचे मोल कारागिराला असलेल्या स्वातंत्र्यात शोधले होते. केल्मस्कॉटमध्ये मॉरिसला या सिद्धांताचा रोजच्या राहणीतील दाखला मिळाला. न्यूज फ्रॉम नोव्हेअर (१८९०) या त्याच्या कल्पितकथेत भविष्यातील समतेच्या समाजातून टेम्सवरून होणारा प्रवास याच घराशी येऊन थांबतो. ग्रंथाच्या केल्मस्कॉट मुद्रणालयाच्या आवृत्तीत चार्ल्स गीअर याने काढलेले घराच्या पूर्व बाजूचे चित्र प्रारंभी दिलेले आहे.

हा दृष्टिकोन प्रभावी असला, तरी तो पूर्णपणे स्वीकारता येत नाही. घर जमिनीतून आणि तिच्यावर राहणाऱ्यांच्या जीवनातून जणू उगवून आले, ही मॉरिसची भूमिका घराच्या भिंतींना व छपराला लागू पडते. त्याच्या सामाजिक इतिहासाला तितकीशी लागू पडत नाही. केल्मस्कॉट मॅनर हे समतेच्या समाजाचे घर नव्हते. शेजाऱ्यांपेक्षा वर गेलेल्या कुटुंबाचे ते घर होते आणि ईशान्येच्या बाजूने ही चढती पायरी लपविलेली नाही. माळ्याच्या ज्या खोल्यांनी मॉरिसच्या कल्पनेला चालना दिली, तशा खोल्यांत पूर्वी शेतावरचे गडी झोपत. मॉरिसने या घरात श्रमाचा आनंद वाचला, तो खोटा नव्हता. परंतु त्या श्रमाचा मालक कोण होता, हा त्याचा एरवीचा आग्रही प्रश्न त्याने आपल्या आवडत्या घराला क्वचितच विचारला.

जतनाचा प्रश्न : १८७६ मध्ये केल्मस्कॉटच्या उत्तरेकडील बर्फर्ड गावच्या चर्चचा चाललेला जीर्णोद्धार पाहून मॉरिस अस्वस्थ झाला. पुढच्या वर्षी ट्यूक्सबरीच्या मठ-चर्चचे काम सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट (१८११–७८) याच्याकडे असल्याचे कळताच त्याने जाहीर पत्र लिहून निषेध केला आणि वेब व इतर मित्रांसह प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था स्थापन केली (१८७७). मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह व राजाबाई मनोऱ्यासह ग्रंथालय यांचे आराखडे करणारा स्कॉट तो हाच. व्हिक्टोरियन काळात जीर्णोद्धार म्हणजे नंतरच्या शतकांची भर काढून टाकून वास्तू तिच्या तथाकथित मूळ रूपात आणणे असा अर्थ रूढ झाला होता. जुना गिलावा खरवडून दगड उघडा करणे हे त्याचे नेहमीचे लक्षण होते. यावरूनच मॉरिसच्या संस्थेला ‘खरवडविरोधी’ असे टोपणनाव मिळाले. मराठीत जीर्णोद्धार हा शब्द पुण्यकृत्याचा वाचक आहे, त्यामुळे या विरोधाची धार आपल्याकडे चटकन जाणवत नाही. मॉरिसचे म्हणणे असे की, गळणारे छप्पर शाकारावे, कललेल्या भिंतीला आधार द्यावा, रोजची निगा राखून नाश लांबवावा. पण गेलेला काळ नव्या दगडात कोरून तो जुना आहे असे भासवू नये. केल्मस्कॉटजवळच्या इंगलशॅम येथील चर्चची त्याच्या प्रयत्नाने झालेली दुरुस्ती हा या तत्त्वाचा उत्तम नमुना आहे. तेथील बसण्याच्या पेट्या, भित्तिचित्रांचे थर व झिजलेली फरशी आजही जागच्या जागी आहेत.

केल्मस्कॉट मॅनरला इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंच्या सूचीत प्रथम श्रेणी आहे. सूचीतील अवघ्या सु. अडीच टक्के वास्तूंना ही श्रेणी मिळते. परंतु ज्याने दुरुस्तीचे तत्त्व सांगितले त्याच्याच घराला ते लागू करणे सोपे नव्हते. १९६० नंतरच्या दशकात सोसायटीने डॉनल्ड इन्सॉल याच्या वास्तुसंस्थेकडून घराची व्यापक दुरुस्ती करून घेतली. नॅशनल लॉटरी हेरिटेज फंडाच्या साहाय्याने पुन्हा मोठे काम होऊन २०२२ मध्ये घर प्रेक्षकांसाठी खुले झाले. दोन्ही वेळी सांगाड्याच्या दुरुस्तीबाबत फारसा वाद संभवत नव्हता. अडचण होती ती अंतर्भागाची. आज घरात दिसणारे बरेचसे सामान मॉरिसच्या हयातीत तेथे नव्हते. रेड हाउसमधील व हॅमरस्मिथच्या घरातील अनेक वस्तू त्याच्या मृत्यूनंतर जेन व मे यांनी येथे आणल्या. मॉरिसच्या पलंगावरील भरतकामाच्या झालरींवर त्याचीच कविता मेने गुंफली आहे. म्हणजे प्रेक्षक जे पाहतो ते मॉरिसचे घर नसून मुलीने जपलेली वडिलांची आठवण आहे. ती दूर सारून १८७१ चे घर उभे करणे म्हणजे मॉरिसने निषेधिलेला जीर्णोद्धारच ठरला असता. आठवणीचा हा थरही घराच्या इतिहासाचा भाग मानणे, हाच त्याच्या तत्त्वाशी सुसंगत मार्ग होय.

तरीही काही गमावलेच आहे. शेतीशी असलेला घराचा संबंध तुटला. कोठारांत धान्याऐवजी प्रेक्षकांची सोय आली. टेम्सच्या पुराचा धोका कायम आहे. छपराच्या फरशा काढणाऱ्या जुन्या खाणींपैकी बहुतेक बंद पडल्यामुळे दुरुस्तीसाठी योग्य माल मिळविणे हेच एक काम होऊन बसले आहे. कायद्याने भिंतीला संरक्षण देता येते. ती भिंत ज्या व्यवसायांच्या आधारावर उभी होती, त्यांना ते तितक्या सहजतेने देता येत नाही.

मूल्यमापन : या दृष्टीने खेड्यातील नंतरच्या काही इमारती मॅनरइतक्याच बोलक्या आहेत. मॉरिसच्या स्मरणार्थ जेनने वेबकडून जोडघरे बांधून घेतली (१९०२). त्यांच्या भिंतीवर जॉर्ज जॅक याने कोरलेले, झाडाखाली बसलेल्या मॉरिसचे उत्थित शिल्प आहे. अर्नेस्ट गिम्सन (१८६४–१९१९) याने आराखडा केलेले ग्रामसभागृह त्याच्या मृत्यूनंतर पुरे होऊन १९३४ मध्ये खुले झाले. यांपैकी एकही इमारत मॅनरची नक्कल नाही. त्यांत गेबलवरचे उसने त्रिकोण नाहीत की मुद्दाम जुनाट दिसावी अशी कलाकुसर नाही. दगड, छपराचा उतार आणि घडाईची पद्धत एवढेच त्यांनी घेतले आणि आपल्या काळाच्या गरजेचे घर बांधले. चर्चच्या आवारातील मॉरिसच्या थडग्यावर वेबने ठेवलेला छपराच्या आकाराचा साधा दगडही याच वृत्तीचा आहे.

केल्मस्कॉट मॅनरची थोरवी एका आराखड्यात नाही. त्याची नवी बाजू जुन्या बाजूशी पूर्णपणे जुळत नाही, खोल्यांची मांडणी अडचणीची आहे आणि त्याच्या दर्शनी भागांत समतोल नाही. तरीही ते एकसंध वाटते, कारण प्रत्येक पिढीने आपली भर घालताना आधीच्या पिढीचे काम पुसून टाकले नाही. मॉरिसने या घरात आदर्श समाज पाहिला, तो घरात कधीच नव्हता. त्याने तेथे पाहिलेली रीत मात्र खरी होती : जुन्यावर नव्याने बोलावे, पण त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत. वास्तुजतनाच्या आधुनिक विचाराला या शेतकऱ्याच्या घराने दिलेला धडा तो हाच.